आज वार कोणता?

या, जरा जवळ सरकून बसा. मायेपोटी केलेल्या एका लबाडीची गोष्ट सांगायची आहे.

सिस्टरनं कागद पुढं ओढला. "बाबा, आज वार कोणता?"

बाबांची नजर छतावरून लेकीकडे आली. सिस्टर पेन शोधत होती, तेवढ्यात लेकीचे ओठ हलले.

"गुरुवार."

"शाब्बास! आणि आपण कुठे आहोत?"

पुन्हा ओठ हलले.

"दवाखान्यात. का, तुला ठाऊक नाही होय?"

सिस्टर हसली. "तल्लख आहेत हो आजोबा!"

खुब्याचं मोठं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते. सांगितलेलं सगळं लेक करत होती: चष्मा डोळ्यांवर, यंत्र कानात, दिवसा पडदे उघडे, घोट घोट पाणी. डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला रोज विचारलेले प्रश्न मात्र तिला परीक्षाच वाटले. चाळीस वर्षं वर्गाला शिकवलेला माणूस, त्याची पोरीएवढ्या सिस्टरसमोर फजिती तिला बघवेना. देवानं माया दिली, तिला डोळे लावायचं काम मात्र आपल्यावर सोडलं.

शुक्रवारी सकाळी ती औषधं आणायला खाली गेली. घंटा झाली, पोरं वर्गात एकटी आहेत, असं म्हणत बाबांनी सलाईनची नळी उपटली आणि ते खाटेवरून उतरले. बसवलेला खुबा निखळला.

डॉक्टर कागद उलटसुलट करत राहिले. "कालपर्यंत सगळी उत्तरं बरोबर. मग एकाएकी भ्रम कसा झाला?"

"एकाएकी नाही," लेक म्हणाली. "बुधवारपासूनच होता. उत्तरं मी सांगत होते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "लघवीत जंतू झालेत, म्हातारपणी त्यानंच असा भ्रम होतो. बुधवारी कळलं असतं, तर..."

खुबा पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आली. या वेळी ती हसली नाही.

"बाबा, आज वार कोणता?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिनं तोंडावर हात दाबून धरला. ते वाट बघत राहिले, बराच वेळ. मग सिस्टरकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाले,

"त्या बाईंना विचारा. त्यांना सगळं येतं."

सिस्टरनं फुली मारली.

उद्या तुमचं म्हातारं माणूस अशा खाटेवर असेल आणि प्रश्नापाशी अडेल. उत्तर तुमच्या ओठांवर येईल. तेव्हा या लेकीची आठवण ठेवा.