दोन भावांचा नवा सिनेमा

पडद्यावर दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले, तेव्हा बेबीने हळूच ताईकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होती.

बेबी हे घरातलं नाव, वय पन्नाशीपलीकडचं. एक्स-रे विभागात तिला सगळे मॅडम म्हणत. दिवसभर ती एकच बोलत असे : श्वास घ्या, रोखा, सोडा.

आईचं शेवटचं वर्ष ताईच्या घरी गेलं. बेबी रविवारी फळं घेऊन जायची, थोडा वेळ बसायची, निघायची. आई गेल्यावर ताई म्हणाली, "पाहुणीसारखी आलीस, आता पाहुणीसारखीच राहा." तेव्हापासून दोघी एकमेकींच्या घरची पायरी चढल्या नव्हत्या. फक्त दोघींच्या आवडत्या दिग्दर्शक जोडीचा, दोन सख्ख्या भावांचा, नवा सिनेमा आला, की ताईचा फोन यायचा. "शनिवारी. दुपारचा खेळ." त्यांचे सिनेमे कॉलेजपासून दोघींनी एकत्र पाहिलेले. तेवढं मोडलं नाही.

सिनेमा सुटला की थिएटरच्याच कँटीनमध्ये चहा आणि भांडण. मागच्या सिनेमात एक मुलगी आजारी बापाला सोडून निघून जाते.

"निघून जायला काय लागतं?" ताई म्हणाली होती.

"तिला कोणी थांब म्हटलं का पण?"

"म्हणावं लागतं?"

"लागतं."

त्या मुलीचं नाव दोघींनाही आठवत नव्हतं. आपण कोणाबद्दल बोलतोय, ते दोघींना ठाऊक होतं.

आता ताई निवृत्त होऊन मुलाकडे चालली होती, दूर, कायमची. नव्या सिनेमात भावाभावांचा अबोला आहे असं कळल्यावर बेबीने मनाशी ठरवलं होतं, या वेळी सांगायचंच. आईच्या हातांच्या काड्या झालेल्या बघवत नव्हत्या, म्हणून बेबी रविवारी तिथून लवकर निघायची. रोज लोकांची हाडं बघणाऱ्या बाईला हे सांगायची लाज वाटली होती. सिनेमा वाट काढून देईल. आजवर द्यायचाच.

आणि इथे सगळा अबोला व्हायोलिनच्या एका तुकड्यात विरघळला. धाकटा म्हणाला, "मला माफ कर." थोरला म्हणाला, "केव्हाच केलं." मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

वरच्या मजल्यावर कँटीनमध्ये चहा आला.

"फोटोग्राफी चांगली होती," ताई म्हणाली.

"हो, फोटोग्राफी चांगली."

जेवण बिघडलेल्या घरी पाणी गार होतं म्हणावं, तसं.

"थकले असतील गं दिग्दर्शक," बेबी म्हणाली. "वयं झाली."

"वयं आपलीही झाली. म्हणून काय वाट्टेल ते करायचं? मिठी मारली नि मिटलं. असं कुठे असतं?"

बेबीने तोंड उघडलं. आता ती काहीही बोलली असती, तरी ते त्या धाकट्या भावाचं वाक्य झालं असतं.

"नसतंच," ती म्हणाली.

दोघींनी चहा गरम असतानाच संपवला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

जिन्याच्या तोंडाशी ताई थबकली. कठड्याला धरून खाली बघत राहिली.

"गुडघा?"

"दोन्ही."

"एक्स-रे काढलास?"

"कशाला? दुखणं दिसतं का त्यात?"

"दुखणं नाही दिसत," बेबी म्हणाली. "झीज दिसते."

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरची पर्स काढून पुढे केली. "धर."

ताई दोन्ही हातांनी कठडा धरून, तिरकी होऊन, एकेक पायरी उतरू लागली. बेबी तिच्या एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, मागे मागे उतरत राहिली. पेशंटला टेबलावरून उतरवताना ती अशीच समोर उभी राहत असे.

"जायच्या आधी ये एकदा आमच्याकडे, एक्स-रेला. सकाळी गर्दी नसते."

"बघू."

खाली पोचल्यावर ताईने पर्स मागितली नाही. बेबीनेही दिली नाही. अजून रस्ता ओलांडायचा होता.