पौर्णिमेपर्यंत

माझे वडील, हेमचंद्र, अलिबागजवळच्या थळचे कोळी. जन्मभर मुंबईच्या बंदरात नोकरी केली. आई गेल्यावर ते आमच्याकडे सिंगापूरला आले आणि बेडोक जेटीवर गळ टाकून बसू लागले. तिथेच रशीदअंकलशी त्यांची गट्टी जमली. अंकलची छोटी बोट होती.

जुलैत एकदा जेवताना बाबा म्हणाले, काठाचं पाणी गढूळ झालंय, गळाला नुसती बारीक मासळी लागते. पण दक्षिणेच्या बेटांपलीकडे पाणी निवळ आहे, सुरमई आली आहे. रविवारी रशीद नेतो म्हणतोय. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी त्यांना घरच्या माणसाशिवाय बोटीवर जायला मनाई केली होती. म्हणजे मी जायचं होतं, आणि माझं ऑफिसचं काम तुंबलं होतं.

"नारळी पौर्णिमा होऊ दे की," मी म्हटलं. "त्याआधी होडी काढायची नाही, हे तुम्हीच सांगता."

"इथला दर्या बंद नसतो, बाय."

"नियम तो नियम, बाबा."

ते हसले. मग आमटी वाढून घेतली. विषय पुन्हा काढला नाही.

पौर्णिमेला अठरा दिवस उरले असताना, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

पौर्णिमेच्या शनिवारी मी नारळ घेऊन रशीदअंकलच्या बोटीत बसले. पहाटे सुमात्राकडून वादळ येऊन गेलं होतं, आभाळ धुतल्यासारखं होतं. पण बेटांच्या अलीकडेच पाण्याची ओढ इतकी वाढली की नांगर ठरेना. अंकलनी इंजिन मंद केलं. पौर्णिमेचं उधाण असं असतं, बाहेर गळ तळाला टिकतच नाही, असं त्यांनी त्यांच्या तुटक इंग्रजीत सांगितलं. जुलैतल्या त्या रविवारी मात्र ओढ कमी होती, पाणी उत्तम होतं, असंही ते म्हणाले.

बाबांना हे माहीत होतं का, मी विचारलं.

"त्याला? तो मला शिकवायचा." अंकल थोडे हसले, मग पाण्याकडे बघत राहिले. "मी म्हटलं, पौर्णिमा सोड, पुढच्या आठवड्यात जाऊ. तो म्हणाला, नाही, पौर्णिमेलाच. मासा नसला तरी चालेल, मुलगी येणार आहे."

बाबा नारळाला सोनेरी कागद लावत. मला तो सुचलाच नव्हता. मी वाकून नारळ तसाच पाण्यावर सोडला. ओढीबरोबर तो बेटांमधून बाहेरच्या समुद्राकडे गेला, आणि अंकलनी बोट काठाकडे वळवली.