हरेश्वर मार्ग

हरेश्वरच्या बाराव्याला दीपेश कडक इस्त्रीचा सदरा घालून आला आणि माझं डोकं फिरलं.

आम्ही तिघं सख्खी चुलत भावंडं. नायगावच्या खाडीकाठी एकच शेत, एकच चूल. उधाणात बांध झिरपायला लागला की हंसाकाकी, म्हणजे हरेश्वरची आई, आम्हाला भाकरीवरून उठवून तिकडं पिटाळायची. तिघं मिळून चिखल तुडवायचो. एकदा माझं पैंजण चिखलात गेलं. हरेश्वरनं खांद्यापर्यंत हात घालून शोधलं आणि बोटाला लोंबकळणारा खेकडा वर काढला. बोट रक्तानं भरलेलं, तरी हसत म्हणाला, "मनू, पैंजन नाय, पन कालवन झालं."

पुढं मला निर्मळ गावात दिली. दीपेश मातीभरावाचा ठेकेदार झाला. शेतात राहिला तो एकटा हरेश्वर. मग नव्या टॉवरांसाठी दीपेशनं खाडीच्या कडेनं भराव टाकून रस्ता काढला आणि शेताचं पाणी खाडीत सोडायची आमची उघाडी त्याखाली गाडली. हरेश्वर त्याच्या दारी खेटे घालून थकला. पाइप टाकतो, पाइप टाकतो, एवढंच ऐकून परत यायचा. या पावसाळ्यात पाणी तुंबलं ते हटेचना. भात कुजायला लागलं. हरेश्वर त्या घाण पाण्यात दिवसदिवस उभा राहून पंपानं उपसा करत होता. ताप आला, लेप्टो निघाला आणि माणूस हातचा गेला.

आता हाच दीपेश काकीजवळ बसून डोळे पुसत होता. म्हणाला, रस्त्याला हरेश्वरचंच नाव द्यायचं ठरलंय, पाटी रंगवायला टाकलीय. पाहुण्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी बरं केलंस म्हणालं.

मी उठले. "ज्या भरावानं त्याला मारलं, त्यालाच त्याचं नाव? लाज नाय वाटत तुला?"

दीपेश शांतपणे लोकांना सांगायला लागला, की दुःखात माणूस काहीबाही बोलतं. मला वाटलं, काकी मला गप्प बसवणार. पण ती उठली. पडवीतून दोन फावडी काढली, एक माझ्या हातात दिलं आणि चालायला लागली.

उघाडी गाडली होती तिथं तिनं रस्त्यावर पहिला घाव घातला. मीही खणायला लागले. दीपेश धावत आला. "काकी, रस्ता तुटंल. टॉवरवाले मला सोडनार नाय."

काकीनं मानही वर केली नाही. "माझ्या पोराच्या नावाचा हाय ना? मंग तोडायला मी कोनाला इचारू?"

बाराव्याला आलेली माणसं गोळा झाली. आधी नुसतीच बघत होती. मग दोघं-तिघं घरी जाऊन पहारी घेऊन आले. संध्याकाळच्या ओहोटीला चर खाडीला मिळाला आणि काळं, कुजकं पाणी आमच्या पायांवरून वाहायला लागलं. भात वाचायची वेळ केव्हाच गेली होती, आणि माणूसही.

माझा राग तसूभर उतरला नव्हता. मी फावडं दीपेशच्या पुढ्यात टाकलं. "उतर खाली. चर रुंद कर."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. त्याच्या बाजूनं कुणी बोलेना.

तो उतरला.