ताटातले दोन पाव

माझा नवरा बोश्त्यान ल्युब्ल्यानात तांब्याच्या पत्र्यावर ख्रिस्ती संतिणी कोरून त्यांची चित्रं छापायचा. मुलखाचा आळशी! चेहरा कायम आमच्या लेकीचा, यरिकाचा. जुनं खरवडून हातातली वस्तू तेवढी बदलायचा. बुरूज दिला की त्यात कोंडलेली बार्बरा, चिमट्यात दात दिला की दात उपटलेली अपोलोनिया.

बार्बरा छापली, त्या आठवड्यात यरिका पाय मोडून दोन महिने माडीवर अडकली. अपोलोनिया छापली, तर न्हाव्यानं तिची दाढ उपटली. आणि आता यानं लुसिया कोरली होती, स्वतःचेच उपटलेले डोळे ताटात घेतलेली.

"अहो, या खेपेला तरी दुसरं तोंड काढा."

"तुझ्या एकटीच्याच लेकीची दाढ किडते होय? मग न्हाव्याचं पोट कसं भरतं?"

याला काय सांगणार, कपाळ! यरिकाचे डोळे सकाळपासून चुरचुरत होते, पदरात अंगावर पिणारं तान्हं.

दुपारी जेवून तो घोरायला लागला, तशी मी पत्रा ओढला. ताटातल्या डोळ्यांची बुबुळं घोटून बुजवली, सुईनं दोन्ही गोल मोठे केले. झाले पाव. आमच्या डोंगरात संत आगाताच्या सणाला पाद्री पावांना आशीर्वाद देतो, तो पाव घरात ठेवला की आग लागत नाही. देवळातल्या चित्रातही आगाता ताटात दोन पाव घेऊनच उभी असते. पावानं कुणाचं काय वाकडं होणार? शाई चोपडून मी एक प्रत छापली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

बोश्त्यान उठला, प्रत हातात घेतली.

"ही कोण केलीस?"

"आगाता. पाववाली."

तो हसला नाही, ओरडलाही नाही. मला त्याचीच भीती वाटली.

"तुम्हा डोंगरातल्या लोकांना कुणीच सांगितलं नाही का गं? ते पाव नव्हेत. तिचे स्तन आहेत ते. कापले होते तिचे."

मी सुरी घेऊन पत्र्यावर धावले. त्यानं मनगट धरलं.

"आता खरवडून काय उपयोग? छापलंस ना?"

तेवढ्यात आतून यरिकाची हाक आली.

"आई, डोळे बरे वाटतायत गं आता. पण जरा इकडे ये. बाळ उजवीकडून ओढतच नाहीये. हात लावून बघ, गाठ लागतेय."

मी गेले. पण हात काही पुढे होईना.