पुन्हा बोलावलं होतं

साफ्ताने पाण्याचा शेवटचा घोट घेतला आणि अर्ध्या लिटरची बाटली मुलीपुढे उलटी करून दाखवली.

"झालं समाधान?"

"आता बोलावतील तोवर दम धर," ओतिलिया म्हणाली. मूत्राशय भरलेलं असलं की रेडिएशनच्या किरणांचा त्रास आतड्याला कमी होतो, म्हणून रोजचा हा नेम.

"मला सांगतेस? तुझ्या वेळी नववा लागला तरी मका खुरपत होते मी."

आज उपचाराचा तेविसावा दिवस. वास्लुई शहराजवळच्या गावातून पहाटेची मिनीबस, इस्पितळापर्यंत दोन तास येणं, दहा मिनिटं टेबलावर, पुन्हा दोन तास. साफ्ता इतकी दमली होती की तिला स्वतःबद्दलची भीतीही वाटेनाशी झाली होती. भीती होती ती मुलीबद्दल. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळेवर तपासणी झाली असती तर इथवर आलाच नसता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आणि ओतिलिया चाळिशीला टेकली होती.

"वरच्या मजल्यावर करतात ती तपासणी. जाऊन ये."

"आई, रोज काय तेच!"

"रोज टाळतेस म्हणून रोज."

"केलीये मी. बोलोन्यात." ओतिलिया तिथे परदेशात एका म्हातारीची देखभाल करायची, आईसाठी रजा टाकून आली होती.

"कधी? मला कशी बोलली नाहीस?"

ओतिलिया बाटलीवरचा कागद नखाने सोलत राहिली.

"मार्चमध्ये. रिपोर्ट बघून पुन्हा बोलावलं होतं त्यांनी. त्याच आठवड्यात तुझं कळलं. मग राहिलंच."

"गाढवे," साफ्ता म्हणाली.

तेवढ्यात दार उघडून रेडिएशनच्या मशीनवरचा तंत्रज्ञ दोरू डोकावला.

"चला, साफ्ता मावशी! आज चक्क वेळेवर आहोत, नजर लावू नका."

साफ्ता बाकाला धरून जपून उठली. तिने मुलीचं मनगट पकडलं आणि जिन्याकडे वळली.

"अहो मावशी, तिकडे कुठे? नंबर गेला तर सगळ्यांच्या शेवटी घेईन हं! पाणीही पुन्हा प्यावं लागेल!"

"पिईन. मिनीबस चुकली तरी थांबेन. आधी हिला दाखवून येते."

जिन्याशी आल्यावर ओतिलिया कुजबुजली, "आई, सोड ना. तू आत जा. मी जाईन गं माझी मी."

"मीही दर वर्षी हेच म्हणायचे, जाईन म्हणून," साफ्ता म्हणाली आणि कठड्याला धरून ती पहिली पायरी चढली.