सातशे चाळीस मापं

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी ‘मला माहीत नाही’ असं म्हटलेलं नाही. त्यांना रस्ता विचारा, औषध विचारा, उद्याचं हवामान विचारा, उत्तर हजर. ते बरोबर आहे की नाही, ही चौकशी आपण आपली करायची. ते शिंपी आहेत. बाजारात सगळे त्यांना मास्तर म्हणतात, घरी आम्ही बाबा म्हणतो आणि दुकानात मीही मास्तरच म्हणते, कारण तिथे त्यांना नातीगोती चालत नाहीत.

आठ वर्षं मी त्या दुकानात आहे. काजं करते, अस्तर लावते, चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढते. फक्त कात्रीला हात लावत नाही. कापड कापणार ते मास्तरच. ‘मला एक कोट कापू द्या,’ असं मी दर दोन महिन्यांनी म्हणते आणि ते दर दोन महिन्यांनी ‘बघू’ म्हणतात. हे ‘बघू’ ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

यंदा मी हट्टालाच पेटले, तेव्हा त्यांनी अट घातली. “कापायचं तर आधी गिऱ्हाइकं माहीत पाहिजेत. मी दहा गिऱ्हाइकं सांगणार. दहाही मापं झटक्यात काढून दाखव, मग खुशाल काप.”

मापं होती त्यांच्या एकोणीस वह्यांत, आणि त्या वह्यांत एकाही माणसाचं नाव नव्हतं. मास्तर नाव विचारत नाहीत. माणूस जसा दिसला तसा लिहून मोकळे होतात. ‘घाईवाले डॉक्टर.’ ‘उजवा खांदा पडका.’ ‘बँकेतला उंट.’ ‘याच्याऐवजी बायको बोलते.’ असे एकूण सातशे चाळीस.

दोन महिने दुपारी बसून मी हे सगळं कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये उतरवलं. पहिल्या रकान्यात मास्तरांनी केलेलं नामकरण, पुढे छाती, कंबर, खांदा, बाही. वर एक रिकामा चौकोन ठेवला. त्यात नाव टाकलं की शेजारी मापं यावीत म्हणून व्हीलुकअपचं सूत्र बसवलं. ते मी नवऱ्याकडून शिकले. तो ऑफिसात दिवसभर याच सूत्राने हजारो लोकांची माहिती शोधून काढतो आणि घरी स्वतःचे मोजे त्याला सापडत नाहीत. स्क्रीन मात्र मी भिंतीकडे वळवून ठेवली. ‘याच्याऐवजी बायको बोलते’ हे गृहस्थ बायकोसकट येतात.

परीक्षेच्या दिवशी मास्तर खुर्ची ओढून बसले. “घाईवाले डॉक्टर.”

मी टाइप केलं. छाती अठ्ठेचाळीस, कंबर बेचाळीस.

मास्तर हसता हसता लाल झाले. “अगं, तो डॉक्टर म्हणजे काडी आहे! या कोटात तो दवाखान्यासकट मावेल.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं, तर त्याने एक नजर टाकून विचारलं, “शेवटी शून्य टाकलंस का?”

नव्हतं टाकलं. या सूत्राला चार गोष्टी सांगाव्या लागतात. काय शोधायचं, कुठे शोधायचं, कितव्या रकान्यातलं आणायचं, आणि शेवटी, तंतोतंत तेच हवं की साधारण चालेल. शून्य म्हणजे तंतोतंत. ते नसलं की सूत्र धरून चालतं, यादी क्रमाने लावलेली आहे, आणि त्या हिशेबाने जवळपासचं काहीतरी उचलून बेधडक पुढे करतं. आमच्या यादीला कसला आलाय क्रम! वह्या हाताला लागल्या तशा उतरवलेल्या.

“म्हणजे माहीत नसलं तरी उत्तर ठोकून द्यायचं,” मी म्हणाले. “घराण्यातलंच आहे म्हणायचं.” नवऱ्याला ठसका लागला.

शून्य टाकलं. मास्तरांनी दुसरी संधी दिली, मनाच्या मोठेपणाने नव्हे, पहिल्या वेळी करमणूक झाली म्हणून. या वेळी डॉक्टर बरोबर आले. उंट आला. पडका खांदा आला. मास्तर प्रत्येक वेळी वही उघडून पडताळायचे आणि त्यांचा चेहरा उतरत जायचा. नऊ झाली. दहाव्याला ते बराच वेळ छताकडे बघत बसले. मग मिश्किल हसून म्हणाले, “मास्तर.”

मी टाइप केलं. सापडत नाही, असा शेरा आला.

“हरलीस!” त्यांनी टाळीच वाजवली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन महिने फुकट गेले म्हणून, आणि आता पुन्हा आठ वर्षं काजं करायची म्हणून. पण मी तशी सहज हार मानणारी नाही. “कुठल्या वहीत आहे दाखवा,” म्हटलं.

त्यांनी पहिली वही चाळली. मग दुसरी. सहाव्या वहीपाशी हात मंदावले.

“बाबा, तुमचं माप कुणी घेतलंय का कधी?” दुकानात मी त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणाले.

“अंदाजाने शिवतो मी माझे,” ते म्हणाले. “स्वतःची पाठ कशी मोजणार? आणि सांगणार कुणाला?”

मी त्यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. ते निमूट उभे राहिले, आणि लगेच छाती फुगवून पोट आत ओढलं.

“श्वास सोडा.”

“सोडलाय.”

“नाही सोडलेला.”

सोडला. छाती अडतीस. अंगात होता तो कोट बेचाळीसचा. रोज आम्ही एका टेबलावर जेवतो, आणि हा माणूस कोटाच्या आत चार इंच कमी झाला ते माझ्या लक्षातही आलं नाही. फार वाईट वाटलं मला.

“चाळीस लिही,” ते हळूच म्हणाले.

“अडतीस आहे.”

“चाळीस लिही गं. तेवढंच जरा बरं दिसतं.”

मी अडतीस लिहिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग फळीवरून राखाडी लोकरीचं कापड काढून टेबलावर पसरलं, कात्री माझ्यासमोर ठेवली आणि दाराजवळच्या गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. इतक्या वर्षांत त्यांना तिथे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“कधी मिळेल?” त्यांनी विचारलं, अगदी गिऱ्हाइकासारखं, जरा घाबरत.