मेलेलं ईस्ट

सत्त्याण्णव सालची गोष्ट. सयाजीनं गूळमार्केटात तीस वर्सं गूळ पारखला. ढेपेला नख मारायचा, उजेडात धरायचा आन् भाव सांगायचा. रिटायर झाल्यावर म्हणला, आता निवांत बसू. बसला. पन संगं बसायला कोन न्हवतंच. बायको चिमणाबाई दोन वर्सांमागं गेली. पोरबाळ न्हाय. शाहूपुरीत एक खोली, त्यात दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर कपडं साचाय लागलं.

कृष्णात त्येचा जुना दोस्त. दर शनवारी दोघं गुत्त्यावर बसायची. डॉक्टरनं कृष्णाताची देशी बंद केली, तसा कृष्णातबी बंद झाला. एकदा मंडईत गाठ पडली.

“लेका, मेलास का काय?”

“न्हाय मर्दा, पोट तरास देतंय. घरात हलकी वाईन-बिन करत असलास तर येतो की!”

बोलून कृष्णात कोथिंबीर बघाय लागला. सयाजीनं मातर त्ये धरून ठेवलं.

मार्केटात गुंडू म्हणून एक हुता, पूर्वी दारूच्या फॅक्टरीत राबलेला. त्येनं सांगितलं, “काळ्या मनुका, गूळ, पाणी आन् आंबवायला ईस्ट. बाकी सोपं हाय. ईस्ट तेवढं बघून घे. त्ये चुकलं की सगळं चुकलं.”

झालं. सयाजी ईस्टच्या मागं लागला. कोपऱ्यावर जोतीरामची बेकरी, तिथं गेला.

“पावणं, ओलं पायजे का सुकं?”

“फरक काय?”

“ओलं चटकन चढतंय, चटकन मरतंय. सुकं उशिरा उठतंय, पन टिकतंय. माणसावानीच हाय बघा.”

“वाईनचं कुठलं ह्यातलं?”

“दोनीबी पावाचंच. वाईनचं न्यारं असतंय, त्ये हितं मिळत न्हाय. ह्येनं हुतंय, जरा पावाचा वास येतोय, येवढंच.”

सयाजीनं ओलं न्हेलं. बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं. रोज सकाळी उठून बरणीला कान लावायचा. चार दीस गेलं, एक बुडबुडा न्हाय. मग सुकं आणलं. दुसरी बरणी. तीबी गप. मग गुंडूकडनं फॅक्टरीतलं आणलं. तिसरीबी गप. घरात आधीच कोन बोलत न्हवतं, त्यात तीन बरण्यांची भर पडली.

तरातरा बेकरीत गेला. “जोत्या, तुझं ईस्ट मेलेलं हाय!”

जोतीरामचं डोस्कं फिरलं. त्येनं गिलासात कोमट पाणी घेतलं, चिमूटभर साखर टाकली, वर सुकं ईस्ट. दहा मिन्टांत फेस गिलासावरनं उतू जाऊन फळीवर आला.

“ह्ये मेलेलं हाय व्हय? घाला बोट!”

“मग माझ्या घरात का मरतंय?”

“घालताय काय त्यात?”

“गूळ. एक नंबर, सोन्यावानी पिवळा. मी सोता निवडलाय.”

जोतीराम हसाय लागला. “आवं काका, जलम मार्केटात गेला न्हवं तुमचा? पिवळा दिसाय पायजे म्हणून रस उकळताना काहिलीत पावडर मारत्यात. त्या पावडरीत ईस्ट जगंल व्हय? काळा आना, शेतकरी घरात खायाला ठेवतोय त्यो.”

सयाजी मैद्याच्या पोत्यावर बसला. पावडर त्येला ठावं न्हवती असं न्हाय. पन तीस वर्सं काळी ढेप पायानं सारून म्हणला हुता, ह्येला भाव न्हाय. हात आपसूक पिवळ्यावरच गेलता.

काळा गूळ आणला. ईस्ट सुकंच घेतलं, टिकणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी बोलाय लागली. बुडुक, बुडुक. सयाजीनं खुर्चीवरचं कपडं काढलं.

म्हैनाभरानं कृष्णाताला सांगावा धाडला. आला बिचारा. गिलास नाकाशी न्हेला आन् तसाच खाली ठेवला.

“खरंच केलीस व्हय रं?”

“तूच म्हणला हुतास.”

“आरं, आपलं बोलायचं म्हणून बोललो! तुला जमंल असं कुठं वाटलं? मी समदंच सोडलंय, सया. सातला सून जेवाय वाढती, मग टीव्ही बघतो, झोपतो. बरं चाललंय.”

मग गुत्त्यावरच्या जुन्या गप्पा निघाल्या. त्या लवकर सरल्या. सातला दहा कमी असताना कृष्णात उठला. “वास झ्याक हाय हं,” म्हणला आन् गेला.

सयाजीनं दोनी गिलास एकट्यानंच संपवलं. चांगली झालती. बिघडली असती तर बरं झालं असतं, निदान ईस्टला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी बाटली घिऊन बेकरीत गेला. जोतीरामनं भट्टीमागं जाऊन घोट घेतला.

“पावाचा वास येतोय.”

“तुझंच ईस्ट हाय.”

“पन चांगली हाय, काका. ईस्टचा डबा कुठं ठिवलाय?”

“फळीवर.”

“मरंल की! फोडलेला डबा फ्रीजमधी पायजे.”

“मला कुठला आलाय फ्रीज?”

“मग आना हिकडं. लागंल तसं न्हेत जावा.”

जोतीरामनं डब्यावर पेनानं ‘सयाजीकाका’ लिवलं आन् लोण्याशेजारी ठिवला.

एका बरणीला दोन चमचं लागत्यात. सयाजी एकच न्ह्यायचा. दुसऱ्यासाठी दुसऱ्या दिवशी परत यायचा. जोतीराम त्येला बसाय मैद्याचं पोतं तेवढं जरा भट्टीपासनं लांब सरकवून ठेवायचा.